नागपूरच्या उच्चारांवर थायलंडमध्ये इंग्रजी शिकवता येईल का?

तुम्ही विचारलंय, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता एमए इंग्रजी, घर नागपूरला, आणि थायलंडच्या शाळेत शिकवायला जायचंय. तर आपला उच्चार ऐकून पोरं हसतील का?

हसतील. मला हसली होती. पण ज्या कारणाची तुम्हाला धास्ती आहे, त्या कारणासाठी नाही.

मी कांचनबुरीच्या एका शाळेत दोन वर्षं सहावी-सातवीला शिकवलं. पहिल्याच आठवड्यात गणवेशाचा धडा आला. शर्ट, स्कर्ट, शूज अशी चित्रं दाखवत मी टायपाशी आले. "धिस इज अ टाय." वर्ग गप्प. मग एक मुलगी खुदकन हसली आणि पाठोपाठ सगळेच. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून जरा मोठ्याने, "टाय!" शेवटी मागे बसलेल्या थाई बाईंनी मान एका बाजूला टाकली, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढून दाखवली. थाईत 'ताय' म्हणजे मरणं. मी फळ्यासमोर उभी राहून पस्तीस पोरांना "हे मेलंय, हे मेलंय" असं शिकवत होते.

घोटाळा कुठे आहे ते घरीच करून बघा. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा आणि 'टाय' म्हणा. पट्टी जागची हलणार नाही. इंग्रज म्हणेल तेव्हा ती फडफडेल, कारण शब्दाच्या सुरुवातीला त्याच्या ट, प, क बरोबर हवेचा झोत निघतो. त्याचा 'टाय' ऐकायला जवळजवळ 'ठाय' असतो. इंग्रजीत या झोताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्याला कोणी टोकत नाही. थाईत मात्र आपल्यासारखंच त वेगळा, थ वेगळा. इंग्रजाचा टाय त्यांना 'थाय' ऐकू येतो, आपला 'ताय'. बर्डीवरच्या क्लासमध्ये मला 'व्ही' म्हणताना खालचा ओठ दाताखाली धरायला चार महिने शिकवलं. थाईत 'व्ही'चा आवाजच नाही, ते टीव्हीला 'टीवी' म्हणतात. चार महिने ओठ चावला तो वाया. या झोताबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता.

आता आपली जमेची बाजू. थाई लिपीत ४४ व्यंजनं आहेत आणि ती लावलीत आपल्याच क्रमाने: कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग. शिक्षक म्हणजे 'ख्रू', आपला गुरू. भाषा म्हणजे 'फासा'. कांचनबुरीतलं 'बुरी' म्हणजे पुरी, म्हणजे नागपूरचं चुलतभावंडच. तिथल्या शिक्षक परिषदेचं नाव 'खुरुसफा'. पहिल्यांदा वाचलं आणि एकटीच हसले: गुरुसभा! तीन महिन्यांत मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. सुरांनी मात्र घाम काढला. पाच सूर आहेत. 'मा' सपाट म्हटलं तर 'येणं', उंच म्हटलं तर घोडा, खालून वर नेलं तर कुत्रा. मी कोणाकोणाला काय काय म्हणून बोलावलं असेल, देव जाणे.

माझ्या शेजारच्या वर्गावर इंग्लंडहून आलेला एक मुलगा होता. शिकवण्याचा अनुभव शून्य, पगार माझ्यापेक्षा जास्त. कारण एकच, जाहिरातीत 'नेटिव्ह', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला, असं लिहिलेलं होतं. बिचारा स्वभावाने चांगला होता, पण क आणि ख मधला फरक त्याला शेवटपर्यंत ऐकू आला नाही. गावातल्या प्रसिद्ध पुलाखालच्या नदीला तो सगळ्या पर्यटकांसारखं 'क्वाय' म्हणायचा. नदीचं नाव 'ख्वे'. 'ख्वाय' म्हणजे म्हैस. रिक्षावाले हसून त्याला बरोबर पुलावर सोडत, म्हणून त्याला ते कधी कळलंच नाही.

पोरांच्या चुकांबद्दल थोडं सांगते, कारण खरं काम तेच आहे. थाईत शब्दाच्या शेवटी 'ल' येत नाही, त्याचा 'न' होतो: फुटबॉलचा फुटबॉन. शेवटचा 'स' बऱ्याचदा गिळला जातो. आणि र चा ल होतो, त्यामुळे राइसचं लाइस, म्हणजे भाताच्या उवा. एक पोरगा रोज दुपारी म्हणायचा, "टीचाऽऽ, आय ईट लाइस." एकदा मीही मुद्दाम "लाइस?" म्हटलं, तर वैतागून म्हणाला, "नो टीचाऽऽ! लाइस!" त्याला फरक ऐकू येत होता, जीभ तिथे जात नव्हती. मला आजी आठवली. तिच्या वऱ्हाडीत केळं म्हणजे 'केयं', डोळा म्हणजे 'डोया'. पण आम्ही चिडवायला 'केयं' म्हटलं की तीच आम्हाला रागवायची, नीट बोला म्हणून. त्या दिवसानंतर मी त्या पोराला "राँग" म्हणणं सोडलं. जीभ कुठे वळवायची ते बोट वाकवून दाखवायला लागले. दोन महिन्यांनी त्याचा 'राइस' आला, तोही पाचातून तीनदा.

आपल्या इंग्रजीतली आणखी एक खोड बघा. पुण्याची मैत्रीण "येतेय" म्हणते तिथे आपण "येऊन राहिली" म्हणतो. तेच 'राहणं' आपल्या इंग्रजीत शिरतं आणि 'आय डोन्ट अंडरस्टँड'च्या जागी येतं: "आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग." पुण्याला हसतात तेवढं सोडून द्या, पण हे वर्गात जपा, कारण पोरं उच्चार कमी उचलतात आणि वाक्यं जशीच्या तशी.

कागदपत्रांचं थोडक्यात. पदवी हवीच. नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि गुरुसभेची परवानगी या गोष्टी शाळा करून देणार की नाही, हे आधी लेखी घ्या. आपल्याकडून बऱ्याच शाळा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर मागतात, सहसा ६०० च्या वर. मला एका एजंटाने "लंडनला वाढले असं सांगा" असा सल्ला दिला होता. तो ऐकू नका. पासपोर्टवर जन्मस्थान नागपूर लिहिलेलं असतं.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर ती कागदाची पट्टी आधी महिनाभर रोज पाच मिनिटं समोर धरा. टी, पी, के. आणि गणवेशाचा धडा जरा उशिरा घ्या.