दहा दिवस परदेशात, पण अभ्यास किती तास?

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या छोट्या परदेशी अभ्यासवर्गांविषयी या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातल्या निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : मुलगा पुण्यात एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजने मे महिन्यात जर्मनी आणि फ्रान्सचा दहा दिवसांचा कार्यक्रम काढलाय. माहितीपत्रकात ‘सहा क्रेडिट’ असं ठळक छापलंय. हा अभ्यास समजायचा की सहल? – एक पालक, कोथरूड

उत्तर : माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि रोजचं वेळापत्रक मागा. मग साधा गुणाकार करा. युरोपातल्या ‘ईसीटीएस’ या क्रेडिट मोजण्याच्या पद्धतीत एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं काम धरतात, आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तास. म्हणजे सहा क्रेडिटला किमान १५० तास. दहा दिवसांत ते बसवायचे तर रोज १५ तास अभ्यास हवा, आणि जाण्यायेण्याचे दोन दिवस त्यातूनच वजा होणार. हे होण्यासारखं नाही. निघण्याआधी पुण्यात वर्ग, वाचन आणि परतल्यावर लेखी प्रकल्प असेल तर गोष्ट निराळी; पण मग तेही वेळापत्रकात तारखांसकट दिसलं पाहिजे. तिथे रोज चार-पाच तास वर्ग, एखादी कंपनीभेट आणि शेवटी सादरीकरण असेल, तर दोन क्रेडिट पटण्याजोगे आहेत.

दुसरी चौकशी कागदाची करा. शेवटी हातात पडणार काय? नुसतं सहभागाचं प्रमाणपत्र, की तास, विषय आणि श्रेणी लिहिलेला ट्रान्सक्रिप्ट? आणि ते क्रेडिट इथल्या गुणपत्रिकेत कोण चढवणार? कॉलेज स्वायत्त असेल तर तसा ठराव दाखवायला सांगा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी नुसतं संलग्न कॉलेज स्वतःच्या अधिकारात क्रेडिट देऊ शकत नाही, त्यासाठी विद्यापीठाची लेखी मान्यता लागते. ती ‘प्रक्रियेत आहे’ असं उत्तर आलं, तर क्रेडिट मिळणार नाहीत असं धरूनच पैसे भरायचे की नाही ते ठरवा.

प्रश्न : एजंट म्हणतो, टुरिस्ट म्हणून अर्ज केला की व्हिसा लवकर होतो. मैत्रीण म्हणते, जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं. नेमकं काय करू? – एक विद्यार्थिनी, वाघोली

उत्तर : एजंटचं ऐकू नका. मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे, पण ते वेगळ्या व्हिसाचं. ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून दरमहा ठरावीक पैसे काढता येणारं खातं) आणि एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची पडताळणी) ही पदवीच्या शिक्षणासाठी दीर्घ मुदतीवर जाणाऱ्यांची कागदपत्रं. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला शेंगेनचा, म्हणजे जर्मनी-फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांत चालणारा सामाईक, अल्पमुदतीचा ‘सी’ व्हिसा पुरतो. अर्जात प्रवासाचा हेतू शिक्षण हाच लिहा. खरं लिहिण्यात फायदाही आहे: जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे, पण अभ्यासासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतचे शिक्षक यांना शेंगेनच्या व्हिसा संहितेनुसार ते माफ आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं. हेतूच्या रकान्यात ‘पर्यटन’ लिहिलं की ही माफी जाते. शिवाय फाइलमध्ये विद्यापीठाचं निमंत्रण आणि अर्जात पर्यटन, अशी विसंगती तयार होते. असे अर्ज अडकतात.

निमंत्रणपत्र यजमान संस्थेच्या लेटरहेडवर हवं. त्यात तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा, कार्यक्रमाचं स्वरूप, राहण्याची सोय आणि खर्च कोण करणार, हे सगळं असावं. सोबत कॉलेजचं बोनाफाइड आणि ना हरकत पत्र, आईवडिलांचं बँकेने शिक्का मारलेलं स्टेटमेंट, प्राप्तिकराची रिटर्न्स आणि खर्चाची हमी. अर्जाच्या आधल्या आठवड्यात काकांकडून दोन लाख आणून खात्यात टाकू नका. अचानक आलेली रक्कम डोळ्यात भरते आणि तिचा उगम सांगावा लागतो.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस धरणारा हवा. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर विमा एक दिवस कमी पडतो, ही चूक फार होते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. नूतनीकरण राहिलं असेल तर मुंढव्याच्या सेवा केंद्राची वेळ आजच घ्या.

अर्ज कुठल्या देशाकडे, हे मुक्कामावर ठरतं. जर्मनीत सहा रात्री आणि फ्रान्समध्ये तीन, तर जर्मनी. दोन्हीकडे रात्री सारख्या असतील तर आधी जिथे उतराल तो देश. मधे दोन दिवस लंडन असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि शेंगेनचा व्हिसाही एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागावा लागेल. नाहीतर लंडनहून पॅरिसला परतताना अडवतील. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, १५ दिवस आधीपर्यंत तो करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. मे महिन्याचा प्रवास असेल तर फेब्रुवारीत अपॉइंटमेंट घ्या, कारण एप्रिलमध्ये उन्हाळी पर्यटकांमुळे स्लॉट मिळत नाहीत.

आपल्याकडची एक खास अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचंही नाव, आणि तिकिटावर एजंटने नुसतं नाव-आडनाव टाकलेलं. तिकीट, विमा आणि निमंत्रणपत्र या तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

प्रश्न : कॉलेजऐवजी एका टूर कंपनीच्या खात्यात पैसे भरायला सांगितलेत आणि वर टीसीएस मागतायत. हे बरोबर आहे का? – एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : तिकीट आणि निवास एकत्र विकलं की कायद्याच्या दृष्टीने ते परदेशी टूर पॅकेज होतं आणि त्यावर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर, लागतो. तेच शुल्क तुम्ही बँकेतून थेट परदेशी संस्थेला पाठवलंत, तर १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. म्हणून कॉलेजला विचारा, की शैक्षणिक शुल्क थेट विद्यापीठाला भरता येईल का आणि तिकीट वेगळं काढता येईल का. नाहीच जमलं तर पावती कोणाच्या पॅनवर फाटते ते बघा. टीसीएस म्हणजे बुडालेले पैसे नव्हेत, आगाऊ भरलेला कर आहे. तो रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो. मुलाच्या पॅनवर कापला तर तो परत मिळवायला उत्पन्न नसतानाही त्याला रिटर्न भरावं लागेल, त्यामुळे कर भरणाऱ्या पालकाचाच पॅन द्या. पैसे भरण्याआधी रद्द करण्याच्या अटी लेखी घ्या, विशेषतः व्हिसा नाकारला तर किती परत मिळणार. विद्यापीठाच्या परीक्षेच्या तारखा पुढे सरकल्या तर काय, हेही त्यातच लिहून घ्या.

खर्चाला फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरलेलं कार्ड) आणि सोबत दोनशे-तीनशे युरो रोख पुरेत. घरचं डेबिट कार्ड नेणार असाल तर परदेशी व्यवहार ॲपमधून आधी सुरू करा, मुळात ते बंद असतात. तिथल्या मशीनने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरो निवडा. रुपयांचा दर महाग पडतो.

प्रश्न : मुंबईहून पहाटे तीनचं विमान आहे. पुण्यातून कधी निघावं? – एक विद्यार्थी, चिंचवड

उत्तर : संध्याकाळी पाचला. विमानतळावर तीन तास आधी, रस्त्याचे चार तास, आणि घाटातल्या कोंडीसाठी तीन तास हाताशी. शुक्रवार असेल तर आणखी तासभर आधी निघा. युरोपात पहिल्या विमानतळावर आता शिक्क्याऐवजी संगणकी नोंद होते, त्या रांगेला वेळ जातो. पुढचं विमान तीन तासांच्या आत नसावं.

प्रश्न : कंपनीभेटीत आम्ही नुसते कॉरिडॉर बघून येतो, अशी सीनियर्सची तक्रार आहे. तयारी काय करावी? – दोन विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : तक्रार खरी आहे, आणि तिचं कारण बहुतेक वेळा पाहुण्यांकडे असतं. ‘तुमचं वर्क कल्चर कसं आहे?’ असं विचारलं की वेबसाइटवरचं उत्तर मिळतं. जे पुण्यात पाहायला मिळत नाही ते विचारा. जर्मनीत दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगार प्रतिनिधींच्या असतात, १९७६ च्या कायद्याने. मग विचारा: एखादी शिफ्ट बंद करायची तर निर्णय कुठल्या टेबलावर होतो, किती आठवडे लागतात? तिथले तरुण आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि बाकीचे व्यवसायशाळेत, असं दोन ते साडेतीन वर्षं शिकतात. विचारा: या प्रशिक्षणार्थींचा खर्च कोणत्या खात्यात पडतो, शिकून बाहेर गेले तर नुकसान कोणाचं?

तुलनेला हाताशी काही हवं, आणि ते चाकणला आहे. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ दोघांचेही कारखाने तिथे आहेत. कॉलेजमार्फत निघण्याआधी यापैकी एक किंवा त्यांचा एखादा पुरवठादार पाहा आणि चार गोष्टी टिपा: सुटे भाग किती तासांचे साठवतात, पुरवठादार किती किलोमीटरवर आहे, एका सुपरवायझरखाली किती माणसं, दोष सापडला तर लाइन कोण थांबवतं. हेच चार प्रश्न जर्मनीत, समजा स्टुटगार्टच्या कारखान्यात, विचारा. प्रकल्प अहवालाचा गाभा तिथेच तयार होतो.

भेटीच्या दिवशी पुढून बंद आणि सपाट तळाचे बूट घाला, उंच टाचांच्या पाहुणीला शॉप फ्लोअरवर सोडत नाहीत. पासपोर्ट सोबत ठेवा, नावं आधी कळवलेली असतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, त्यामुळे वही आणि पेन लागतंच. आणखी एक मैत्रीण घेऊन तिघींचा गट करा; एकीने विचारायचं, दुसरीने लिहायचं, तिसरीने आकडे टिपायचे, अशी वाटणी आधीच करा. आणि नऊची वेळ असेल तर पावणेनऊला फाटकाशी उभ्या राहा.