तालुक्याच्या दवाखान्यातून इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीकडे पेशंट कधी पाठवावा, सोबत काय द्यावं?

खानापूर तालुक्यात नुकतेच रुजू झालात आणि हे विचारताय, बरं वाटलं. मी बेळगावात हेच काम करतो: सोनोग्राफी किंवा एक्स-रेवर बघत, मोठं ऑपरेशन न करता सुई-नळीने उपचार. आमच्या टेबलावर पेशंट उशिरा का पोचतो ते रोज बघतो, त्यावरून सांगतो.

मुतखडा, हुडहुडी भरून ताप, आणि सोनोग्राफीत फुगलेली किडनी: हे तिन्ही एकत्र दिसलं की त्याच दिवशी पाठवा. अडलेल्या किडनीत अँटिबायोटिक नीट पोचत नाही, म्हणून ते सुरू करायचंच, पण त्याच्या भरवशावर थांबायचं नाही. गेल्या पावसाळ्यात जांबोटीकडचा एक शेतकरी तीन दिवस सलाईनवर काढून आला, बीपी ऐंशीवर. पालथा झोपवून पाठीत भूल दिली, सोनोग्राफीवर बघत सुई किडनीत नेली. सुईच्या आतली तार काढली तसा ताकासारखा दाट पू बाहेर आला. अशा वेळी डाय (एक्स-रेवर दिसणारं औषध) जोरात भरायचा नाही, जंतू रक्तात शिरतात. आधी पू उतरू द्यायचा, मग गाईडवायरवरून, म्हणजे वाट दाखवणाऱ्या बारीक तारेवरून, नळी बसवायची. खडा नंतर सावकाश काढता येतो. काही जणांना लघवीच्या वाटेने खालून डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची आतली नळी) घालूनही भागतं, ते युरोलॉजिस्ट ठरवतील. लिव्हरमधला मोठा गळूही असाच नळीने रिकामा होतो, पोट उघडावं लागत नाही.

दुसरे पेशंट पायाचे. निपाणी-चिकोडीच्या तंबाखूच्या पट्ट्यातून काळं पडलेलं बोट घेऊन माणसं येतात. बोट कापायचं ठरवण्याआधी पायाच्या नाड्या हाताने तपासा आणि डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे घोट्याचं प्रेशर खोटं चांगलं येऊ शकतं. १९६४ साली अमेरिकन रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटर यांनी पायाची बंद होत आलेली रक्तवाहिनी आतून रुंद केली, ती पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंची. त्या पुढे स्वतःच्या पायावर चालल्या. आपल्याकडे अजून तपासणीविना बोटं कापली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पेशंटसोबत द्यायची चिठ्ठी. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) लिहा. किडनी किंवा लिव्हरच्या कामाला प्लेटलेट ५० हजारांच्या वर आणि आयएनआर साधारण १.५ ते १.८ च्या आत लागतो. पोटातलं पाणी काढायला इतकी कडक अट नाही. ‘रक्त पातळ व्हायची गोळी खाता काय?’ म्हटलं की पेशंट ‘नाही’ म्हणतो. ‘गोळ्यांची पिशवी दाखवा बघू’ म्हणा, त्यात क्लोपिडोग्रेल, म्हणजे तीच रक्त पातळ करणारी गोळी, सापडतं. ठरवून करायच्या कामाआधी ती गोळी ५ दिवस थांबवतात, पण हृदयात नवा स्टेंट असेल तर स्वतःहून बंद करू नका, आधी फोन करा. आणि पू साठलेल्या किडनीसाठी ५ दिवस थांबायचं नसतंच, शेवटची गोळी कधी घेतली तेवढं लिहा. ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू आहे का तेही लिहा.

संमतीपत्र बहुतेक कन्नड नाहीतर इंग्रजीत असतं. पेशंट मराठी असेल तर निघण्याआधीच नळी कुठे, कशाला घालणार ते त्याला आणि घरच्यांना मराठीत सांगा. इथे पोचल्यावर घाई असते, माणसं नुसती मान डोलावतात.

किडनीतली नळी घेऊन पेशंट परत तुमच्याकडेच येईल. ती साधारण तीन महिन्यांनी बदलावी लागते. निसटली तर ड्रेसिंग करून उद्यावर टाकू नका, लगेच पाठवा. नळीसाठी पाठीतून केलेली नवी वाट काही तासांतच बुजते, मग पुन्हा सुईपासून सुरुवात.