तब्येत सुधारेपर्यंत थांबायचं का?

"आधी ऑक्सिजन तर सुटू दे, मग बघू थेरपीचं." नाजूक तब्येतीच्या बाळांचे आईवडील माझ्याकडे आले की हे हमखास ऐकायला मिळतं. थेरपी म्हणजे मान धरणं, गिळणं असं शिकायला बाळाला दिलेली मदत. त्यामागे हयगय नसते, धास्ती असते. आपण हात लावला आणि काही बिघडलं तर?

असंच एक जोडपं आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बाळ 28व्या आठवड्यात जन्मलेलं. फुप्फुसं कमकुवत, घरीही ऑक्सिजन, दूध नाकातल्या नळीतून. नऊ महिन्यांचं झालं तरी मान पक्की धरत नव्हतं. आई रात्र रात्र ऑक्सिमीटरचे आकडे बघत बसायची.

आधी वयाचा हिशेब केला. बाळ 12 आठवडे लवकर आलेलं, म्हणजे विकास बघताना त्याचं वय सहा महिनेच धरायचं. दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. बाळ मागे होतंच, पण दोघांना वाटत होतं तेवढं नाही.

मग थांबण्याचा प्रश्न. तोंडाचंच बघा. महिनोन्महिने नळीवर असलेल्या बाळाच्या ओठांना काही लागलं तरी त्याला ओकारीची उबळ येऊ शकते. पुढे नळी निघते, पण घास घ्यायला शिकवणं फार जड जातं. म्हणून स्पीच थेरपिस्टने (हे बोलण्यासोबत चोखणं-गिळणंही बघतात) आईला दाखवलं: नळीतून दूध जात असताना बाळाला मांडीवर घ्या, त्याची मूठ त्याच्याच तोंडाशी जाऊ द्या, चोखू द्या. चोखणं आणि पोट भरणं यांची सांगड तिथेच बसू लागते. त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

फिजिओथेरपिस्टने डॉक्टरांकडून लेखी मागून घेतलं: ऑक्सिजन कितीवर आला की थांबायचं, दूध दिल्यावर किती वेळ पालथं घालायचं नाही. माझ्या मते हा कागद प्रत्येक घरात हवाच.

तरी भीती खरी ओसरली ती बाळाच्या खुणा वाचता येऊ लागल्यावर. बोटं फाकली, नजर वळवली, उचकी लागली, की विसावा. श्वास जड झाला किंवा ओठ निळसर दिसले, की सगळं बंद आणि लगेच डॉक्टर. एका सत्रात बाळ बाबांच्या छातीवर पालथं होतं. आम्ही बोलत होतो, आणि बाबांनी मध्येच त्याला अलगद उताणं केलं. "बोटं बघा त्याची," म्हणाले. मॉनिटर अजून वाजलाही नव्हता.

ऑक्सिजन पुढेही बरेच दिवस राहिला. मान मात्र त्याआधीच सावरली.

तुमचं बाळ असंच असेल तर "थेरपी कधी सुरू करू?" असं विचारू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, "आज याला काय काय चालेल?"