क्लावे, किल्ली आणि चावी

प्रश्न : सेन्योर कोकोनटचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ या डीप पर्पलच्या रॉक गाण्याचं साल्सा रूप ऐकलं. त्याबद्दल वाचताना ‘क्लेव्ह’ हा शब्द भेटला. मराठीत क्लेव्ह, क्लाव्ह की क्लावे? आणि त्याला ‘ठेका’ म्हणावं का?

क्लावे. शेवटचा ए पुरता उच्चारायचा. मधलं अक्षर स्पॅनिशमध्ये ब आणि व यांच्या मधलं, ओठ पूर्ण न मिटता निघतं. आपला व चालतो.

आधी साल्साचं. काँगा (हातांनी वाजवायचा उंच क्यूबन ढोल) वाजला की साल्सा, ही सवय आता सोडायला हवी. सेन्योर कोकोनट म्हणजे उवे श्मिट हा जर्मन संगीतकार. २००३च्या ‘फिएस्ता साँग्ज’मधलं त्याचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे चा-चा-चा आहे, आणि त्याच संग्रहातलं ‘रायडर्स ऑन द स्टॉर्म’ मेरेंगे. २००० साली त्याने क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक गटाची गाणी घेतली, त्यांत कुंबियाही आहे. हे तिन्ही नाचाचे प्रकार : चा-चा-चा क्यूबाचा, मेरेंगे डॉमिनिकन, कुंबिया कोलंबियाचा. एकही साल्सा नाही.

आता शब्द. क्लावे म्हणजे गुळगुळीत कठीण लाकडाचे दोन जाड दांडके, आणि त्यांवर वाजणारा पाच आघातांचा नमुनाही. स्पॅनिशमध्ये क्लावेचा अर्थ सांकेतिक लिपीची किल्ली किंवा कमानीतला मधला दगड. म्हणून बहुतेक इंग्रजी लेखक ‘तालाची किल्ली’ एवढं सांगून मोकळे होतात. हे अर्धवट आहे, आणि मूळ वस्तू त्यात हरवते. क्यूबाचे अभ्यासक फर्नांदो ऑर्तिस यांनी हे दांडके हवानाच्या जहाजबांधणीतल्या लाकडी खुंट्यांशी, ‘क्लाविहां’शी जोडले. ‘क्लाविहा’ आला लॅटिन ‘क्लाविकुला’वरून, म्हणजे छोटी किल्ली. आधी खुंटी, मग संकेत, असाच क्रम मला पटतो.

आपल्याकडेही खुंटी आणि किल्ली एकाच घरातल्या. संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटी, पाचर; त्यावरून किल्ली. (किल्ली थेट लॅटिनमधून आली असं सांगणारे केवळ क आणि ल पाहून भुलतात.) लॅटिनमधून आली ती चावी! लॅटिन ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली. बोलता बोलता तिचं स्पॅनिशमध्ये ‘यावे’ झालं, पोर्तुगीजमध्ये ‘चावे’; स्पॅनिश ‘क्लावे’ही त्याच ‘क्लाविस’ची. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा त्यांच्या ‘चावे’चा उच्चार च असाच होता. पुढे लिस्बनमध्ये त्याचा श झाला, पण आपण तो जुना च धरून ठेवला. म्हणून ‘चावा’तला च दंत्य आणि ‘चावी’तला तालव्य. क्लावे आणि चावी सख्ख्या बहिणी आहेत.

ठेका मात्र म्हणू नये. ठेक्यात प्रत्येक मात्रेला बोल असतो. क्लावे फार तर टाळी-खालीसारखी : तीनतालात टाळ्या १, ५, १३ वर आणि खाली ९ वर. सोळा बारीक भागांत सोन क्लावेचे (सोन हा क्यूबाचा एक गायनप्रकार) आघात १, ४, ७, ११, १३ वर पडतात. पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्यात दोन. उलटी, म्हणजे दोनचा अर्धा आधी घेतला तर ३, ५, ९, १२, १५. रुंबा या दुसऱ्या क्यूबन प्रकाराच्या क्लावेत तिसरा आघात ७ ऐवजी ८ वर. अमेरिकन रॉक गिटारवादक बो डिडलीच्या १९५५च्या गाण्यातला प्रसिद्ध ताल हा सोन क्लावेचाच आहे, म्हणजे रॉकला ही पाहुणी नाही.

रॉकचं गाणं लॅटिन अमेरिकी वळणाचं करताना बिघडतं ते इथेच. चालीतला आडवा-तिडवा भाग तीन आघातांच्या बाजूला आणि सरळ भाग दोनच्या बाजूला बसावा लागतो. उलट बसला की क्यूबाचे वादक त्याला ‘क्रुसादो’, आडवं गेलेलं, म्हणतात. कडव्याचे भाग विषम असले तर एक भाग वाढवतात किंवा काढतात. क्लावे मध्येच उलटवत नाहीत. दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरचा स्नेअर (ड्रमसेटमधला खरखरीत आवाजाचा छोटा ढोल) तसाच ठेवला तर गाणं रॉकच राहतं, वर फक्त खुळखुळे वाजतात. चा-चा-चात क्लावे प्रत्यक्ष ऐकूही येत नाही बहुधा, तरी सगळे तिलाच धरून असतात.

वाजवताना एक दांडका बोटांच्या टोकांवर सैल टेकवायचा, तळव्याचा खळगा त्याखाली मोकळा ठेवायचा. मूठ आवळली की आवाज मरतो.

लिंग स्त्रीलिंगीच ठेवा : ती क्लावे. स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी ‘एल क्लावे’ म्हणजे हार्पसिकॉर्ड, पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य.