वडिलांना (६८) कमी ऐकू येतं, मशीन नको म्हणतात. वयाचंच आहे म्हणून तसंच सोडलं तर तब्येतीवर काय परिणाम होतो?

'वयाचंच आहे' वाचलं आणि राहवलं नाही. हे वाक्य पेशंटपेक्षा त्याच्या मुलांच्या तोंडी जास्त असतं. मोतीबिंदूही वयाचाच असतो, तो कुणी तसाच ठेवत नाही.

परिणाम थोडक्यात सांगतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) आटोक्यात आणता येतील अशी १४ कारणं मांडली, त्यात कमी ऐकू येण्याचा वाटा ७ टक्के, म्हणजे यादीतल्या सर्वांत मोठ्यांपैकी. २०१२च्या एका अमेरिकी अभ्यासात २५ डेसिबल कमी ऐकू येणाऱ्यांत तोल जाऊन पडण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट आढळलं. शिवाय माणूस चारचौघांत बसणं सोडतो, गप्प होतो. आणि जे कुणी मोजत नाही ते म्हणजे औषधांचे घोळ: डॉक्टरांनी सांगितलेलं अर्धवट ऐकायचं आणि मान डोलवायची.

'आम्ही मोठ्याने बोलतो की!' हा वाद मी आयुष्यभर घालत आलोय. वयानुसार आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं. स, श, फ तिथे असतात. स्वर खालच्या पट्टीत, ते शाबूत राहतात. म्हणून आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, 'साठ'चं 'आठ' होतं. ओरडलं की 'आ' मोठा होतो, 'स' होता तिथेच राहतो. वर वडिलांना वाटतं, पोरगा खेकसतोय.

ऑनलाइन मिळणारं हजार-दोन हजारांचं यंत्रही बहुधा हेच करतं, सरसकट सगळंच वाढवतं. आधी कान तपासून मळ काढा, मग २५० ते ८००० हर्ट्झची ऑडिओमेट्री (कुठल्या पट्टीचं किती ऐकू येतं याचा आलेख काढणारी चाचणी) करा आणि त्या आलेखावर सेट केलेलं मशीन ट्रायलवर घ्या. दोन्ही कान गेले असतील तर दोन घ्या. एकावर भागवण्याची काटकसर गर्दीत नडते.

मशीन कपाटात जातं ते पहिल्या पंधरवड्यात. घरचे कौतुकाने पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये नेतात. वर्षानुवर्षं शांत राहिलेल्या मेंदूवर भांडी, पंखा, बँड एकदम आदळतात. सुरुवातीला घरातच, दोन-तीन तास, एकाच माणसाशी बोलणं. मग टीव्ही. बाजार आणि समारंभ सगळ्यांत शेवटी. दोन-तीन आठवड्यांनी सेटिंग बदलून घ्यायला जायचंच. ते न करणारा दुकानदार फक्त डबी विकतो.

मशीनची शिट्टी वाजते म्हणजे कानात बसणारा साचा नीट बसलेला नाही, सैल झालाय किंवा कानात मळ आहे. आवाजच येत नसेल तर आधी सेल, मग नळीत साचलेलं पाणी, मग मळाची जाळी बघा. सेलचा स्टिकर काढून दोन-तीन मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. स्टिकर एकदा निघाला की न वापरताही सेल उतरतो. रात्री सेल काढून, झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ही डबी नसेल तर मशीन दुरुस्तीलाच जाईल.

आता दुसरी बाजू. डिमेन्शिया टळेल म्हणून मशीन विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. २०२३च्या अचीव्ह चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना, काहींना मशीन देऊन आणि काहींना न देता, तीन वर्षं पाहिलं. एकूण गटात फरक दिसला नाही, डिमेन्शियाचा आधीच जास्त धोका असलेल्यांत मात्र स्मरण-आकलनाची घसरण ४८ टक्के कमी झाली. मशीन घ्यायचं ते माणसांशी बोलता यावं म्हणून. खर्च अडत असेल तर केंद्राची, अपंगांना साधनं देणारी एडिप योजना बघा, दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी वयोश्री योजनाही आहे.

आणि एका कानाचं ऐकणं अचानक, दोन-तीन दिवसांत गेलं असेल तर यातलं काहीच लागू नाही. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. स्टिरॉइड लवकर सुरू झाले तरच उपयोगाचे, 'मळ असेल' म्हणून तेल घालत बसू नका.