पंजा नको, उंदीर बघ

प्रिय मुली,

"नॅव्ह १.७ सोडून १.८ धरू का?" एवढं विचारायला तू चार पानं लिहिलीस. वेदनेचा संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंतले हे दोन सोडियम चॅनेल, म्हणजे सोडियम आत सोडणारे दरवाजे; त्यातला कुठला बंद करून वेदनेचं औषध करायचं, एवढाच तुझा प्रश्न. त्यातली साडेतीन गाईडबद्दल आहेत, ती मी सोडून दिली. आम्हीही असंच लिहायचो, फक्त पोस्टाने.

उरलेलं अर्धं पान मात्र दोनदा वाचलं. पेशीत तुझं संयुग चॅनेल चोख बंद करतंय, पेशीतला विद्युतप्रवाह मोजणाऱ्या पॅच क्लॅम्पचं सील झकास बसतंय, आणि उंदीर मात्र गरम प्लेटवरून आधीइतक्याच वेळात पंजा उचलतोय. मग जाता जाता एक ओळ: "जास्त डोसला ते सुस्त होतात, पण तो आपला विषय नाही."

कोण म्हणालं विषय नाही? पंजा बघू नकोस गं, उंदीर बघ.

१९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीतल्या कॅप्सेसिनने उघडणारा चॅनेल शोधला. तोच ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो. ठेचा केल्यावर हात का पोळतात याचं उत्तर एका प्रथिनात! हा ट्रिपव्ही१ बंद केला की वेदना गेली, असं आम्हाला वाटलं. मी ज्या कंपनीत होते तिथले उंदीर खरोखरच पंजा उशिरा उचलू लागले. त्यांचं अंगही तापत होतं. माझ्याच अक्षरात नोंद आहे: "अ‍ॅनिमल हाऊसचा एसी बंद असावा." एसी चालू होता. मी उठून बघितलंसुद्धा नाही.

२००८ मध्ये दुसऱ्याच एका औषधाचे, एएमजी ५१७ चे, माणसांवरचे निकाल छापून आले. दाढ काढलेल्यांना ते दिलं, तर काहींचा ताप ४० अंशांवर गेला. हा चॅनेल शरीराचं तापमान राखायलाही हातभार लावतो, आणि आम्ही त्याला नुसता वेदनेचा दरवाजा समजत होतो. याच जातीच्या आणखी काही औषधांनी तर माणसांना चटका बसण्याइतकं गरम पाणीही सोसवेल असं वाटू लागलं.

तेव्हा औषधाने काय अडवायचं ते टार्गेट एकदा वरून ठरलं की कनिष्ठांनी शंका काढायची पद्धत नव्हती, घरी मुलगा लहान होता, मी एकटी बोलून काय होणार होतं, हे सगळं खरं आहे. मी ते स्वतःला कितीदा तरी ऐकवलंय. पण एसी दहा पावलांवर होता.

आता तुझा १.७. २००६ चा तो शोधनिबंध तुला पाठ असेल, तरी त्यातला मुलगा पुन्हा वाच. उत्तर पाकिस्तानातला, वेदनाच न जाणवणारा, रस्त्यावर खेळ करणारा. हातातून सुऱ्या आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. चौदा वर्षांचा होण्याआधीच छपरावरून उडी मारून जिवानिशी गेला. त्याच्या नातेवाइकांमध्ये एससीएन९ए या, म्हणजे १.७ बनवणाऱ्या, जनुकाचा बिघाड सापडला आणि जगभरच्या कंपन्यांनी त्यातून एवढंच घेतलं: १.७ बंद करा! अशा माणसांना वासही येत नाही, हे २०११ मध्ये कळलं. २०१५ मध्ये अशाच एका बाईला नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडांचा (अफूसारख्या वेदनाशामकांचा) परिणाम रोखणारं औषध दिलं, तर तिला चटका जाणवू लागला. म्हणजे तिच्या शरीरातली स्वतःची ओपिऑइडं तिची वेदना दाबत होती. गर्भापासून चॅनेल नसणं वेगळं आणि सकाळी गोळी घेऊन तो बंद करणं वेगळं. तुझा उंदीर तेच सांगतोय, आणि तू त्याच्यावर रुसली आहेस.

१.८ कडे सगळे का धावताहेत हे मला कळतं. ३० जानेवारी २०२५ ला अमेरिकेत १.८ बंद करणाऱ्या सुझेट्रिजिनला मान्यता मिळाली, ओपिऑइड नसलेली वेदनेची गोळी. पायाच्या अंगठ्याच्या हाडाच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ती प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, सरस ठरली. पण हायड्रोकोडोन (हे ओपिऑइड) आणि पॅरासिटामॉलच्या गोळीवर मात नाही करता आली. सायटिकाच्या चाचणीत तर प्लासिबो घेतलेल्यांनाही जवळपास तेवढाच आराम पडला. औषध वाईट नाही, मला आवडतं ते. पण गर्दी आहे म्हणून त्या गाडीत चढू नकोस.

आधी ते सुस्त उंदीर. त्यांना रोटारॉडवर, त्या फिरत्या दांड्यावर, चढव. सुस्ती स्नायूंमधला १.४ चॅनेल अडल्यामुळे आहे, की औषध मेंदूत शिरून तिथला १.२ अडवतंय? रक्तात औषध किती आहे यापेक्षा प्रथिनांना न चिकटता मोकळं किती उरतं ते मोज. मोकळंच नसेल तर पंजा कशाला थांबेल? तापमान घे, वजन घे, खातात का बघ. पंजा सगळेच बघतात, तू उंदीर बघ. हे झाल्याशिवाय १.८ चं नाव काढलंस तर मी उत्तर देणार नाही. (देईन. पण रागावून.)

डोस दिल्यावर किती मिनिटांनी ते सुस्त झाले, आणि किती वेळाने पुन्हा फिरू लागले? वहीत असेल तर उद्याच पाठव. नसेल तर नाही म्हणून कळव, एसीचं कारण देऊ नकोस.

तुझी,
मावशी