कार्बोनेट साठ्याचं काम नव्यानं हाती घेताना

चुनखडी-डोलोमाइटसारख्या कार्बोनेट खडकातल्या तेलसाठ्यावर काम करताना सच्छिद्रतेचा, म्हणजे खडकातल्या पोकळ्यांच्या प्रमाणाचा, आकडा बघून लगेच हुरळून जाऊ नका. वालुकाश्मात सच्छिद्रता वाढली की पारगम्यता, म्हणजे द्रव आरपार वाहू देण्याची क्षमता, बहुधा वाढते. चुनखडीत तो भरवसा नाही. ऊइड (चुन्याचे बारीक गोल) कण विरघळून उरलेल्या पोकळ्यांमुळे सच्छिद्रता २५ टक्के दिसेल, पण त्या एकमेकींना जोडलेल्याच नसतील तर तेल हलणार कसं? म्हणून आधी कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल) आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पातळ छेद बघा, लॉग (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या मोजण्या) नंतर. कार्बोनेट खडकांचं डनहॅमचं १९६२चं वर्गीकरण पाठच करा. मूळ गाळ चिखलाचा होता की कणांचा, हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी.

मग खनिज ओळखा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चुनखडी लगेच फसफसते. डोलोमाइट मात्र ओरखडून भुकटी केल्याशिवाय फारसा दाद देत नाही. ही साधी चाचणी टाळू नका, कारण चुनखडीची घनता घनसेंटीमीटरला २.७१ ग्रॅम आणि डोलोमाइटची २.८७. पाण्यानं भरलेल्या, १० टक्के सच्छिद्र डोलोमाइटला चुनखडी समजून हिशेब केलात तर घनता लॉगवरून जेमतेम दीड टक्का सच्छिद्रता निघेल आणि चांगला थर हातचा जाईल.

खडकाच्या विद्युतरोधावरून पोकळ्यांतलं पाणी काढणाऱ्या आर्चीच्या सूत्रात सच्छिद्रतेचा घातांक 'एम' डोळे झाकून २ धरू नका. सुट्या पोकळ्यांच्या खडकात तो ३च्या आसपासही जातो. तिथे २ धरला तर पाणी कमी दिसतं आणि पाण्याचा थर तेलाचा वाटतो. भेगाळ खडकात नेमकं उलटं.

आणि भेगा, मोठ्या पोकळ्या कोअरमधून कापलेल्या लहान तुकड्यात, म्हणजे प्लगमध्ये, सापडत नाहीत. अख्ख्या कोअरची मोजणी मागाच, शिवाय विहिरीची दाबचाचणीही.